कोऱ्या पाण्यातला उजेड

बहिःस्थ परीक्षक म्हणून मी आजवर दहा-बारा गावं पाहिली, म्हणजे खरं तर दहा-बारा विश्रामगृहं पाहिली. स्टेशनवर कुणीतरी न्यायला येतं, दुपारी पीएच.डी.ची मौखिक परीक्षा होते, शाल मिळते, आणि माणूस परतीच्या गाडीत बसतो. त्या गावांवर एक ओळही लिहावीशी कधी वाटली नाही. कोल्हापूरवर लिहितो आहे, कारण तिथे मी एक गोष्ट बोललो, जी अमरावतीत इतकी वर्षं कुणाजवळ बोललो नव्हतो. आणि तिथल्या एका मुलीचा मला फार अभिमान वाटतो. ती माझी विद्यार्थिनी नाही, तेव्हा या अभिमानावर माझा तसा हक्कही नाही. पण वाटतो खरा.

आधी कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत जस्त असतं, ज्याला आम्ही रसायनवाले आणि शेतकरीही झिंकच म्हणतो. ते किती आहे, कुठे आहे, हे जिवंत पेशी न फोडता बघायचं तर एक युक्ती लागते. असा रेणू तयार करायचा, की जो एरवी काळोखात गप्प बसेल आणि झिंकचा आयन सापडला की त्याला धरून ठेवेल. धरला की त्यावर अतिनील प्रकाश टाकायचा. रेणू निळसर-हिरवा उजळतो. झिंक नाही तर उजेड नाही. असे रेणू बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यातल्या एकावर मी सोळा वर्षांपूर्वी शोधनिबंध छापला, आणि त्या निबंधाच्या जोरावर प्राध्यापक झालो.

त्रिशला नावाच्या मुलीचा प्रबंध कोल्हापूरहून माझ्याकडे तपासायला आला. विषय हाच. चौथ्या प्रकरणात चार पानं होती. त्यांत तिनं सिद्ध केलं होतं, की प्रयोगशाळेतले रबरी हातमोजे आणि रबरी बुचं यांतून झिंक पाण्यात उतरतं. (रबर पक्कं करताना त्यात झिंकचं संयुग घालतात.) म्हणजे रबर लागलेल्या कोऱ्या, मुद्दाम झिंक न घातलेल्या पाण्यातही रेणू उजळतो, आणि माणसाला वाटतं, आपला रेणू किती तल्लख. "यापूर्वीच्या काही नोंदी या दृष्टीने पुन्हा तपासाव्या लागतील," असं तिनं सौम्यपणे लिहिलं होतं. खाली संदर्भ एकच होता. माझा.

तो प्रबंध मी नऊ महिने टेबलावर ठेवला. मग एक गोडगोड अहवाल लिहिला आणि शेवटी एक अट घातली: ती चार पानं विषयाला सोडून आहेत, काढावीत.

कोल्हापूर

बडनेऱ्याहून कोल्हापूर म्हणजे अर्धा महाराष्ट्र आडवा तुडवणं. ते सोडून देतो. स्टेशनवर त्रिशलाच्या मार्गदर्शक सरनोबत मॅडम स्वतः गाडी घेऊन आल्या होत्या. विश्रामगृहाआधी त्यांनी मला मिसळीच्या दुकानात नेलं.

आम्ही वऱ्हाडातली माणसं पोह्यांवर तर्री ओतून खातो, त्यामुळे तिखटाच्या बाबतीत मला थोडा गर्व आहे. वाढणाऱ्यानं विचारलं, "पावणं, कट वाढू काय अजून?"

"वाढा की बाप्पा," म्हटलं.

"बाप्पा म्हनत्यात म्हंजे नागपूरकडचं दिसत्यात," तो शेजारच्या टेबलाला मोठ्यानं सांगून मोकळा झाला. "घाल रं, दोन वगराळी घाल. बघू की."

दुसऱ्या वगराळ्यानंतर मला उचकी लागली, ती काही थांबेना. नेमकी तेव्हाच मॅडमनी विषय काढला.

"सर, तुमच्या त्या अटीचं जरा... म्हणजे पोरगी गुणी आहे, पण हट्टी. शिरोळची आहे. मी तिला म्हटलं, काढून टाक की ती चार पानं, डिग्री घे, मग छाप हवं तिथं. ती म्हणते, 'मॅडम, मी काढली तर ती खोटी होती असं होईल.'"

मी उचकी दिली.

"पाणी घ्या. आता तुम्ही आग्रह धरलात तर प्रबंध दुरुस्तीला परत जाणार. सहा महिने तरी. आणि तिची पुढच्या आठवड्यात वारणानगरच्या बाजूला मुलाखत आहे, कायम जागेची. एक जागा आधीच गेली तिची, डिग्री हातात नव्हती म्हणून. सध्या गारगोटीला तासिकेवर शिकवते."

आधीची जागा कधी गेली, हे मी विचारलं नाही. हिशेब मला येत होता.

"बघू," मी म्हणालो. मला सगळ्यात सोयीचा शब्द.

दुपार, विभागाचं सभागृह

आमच्याकडे सत्कार शेवटी करतात. कोल्हापुरात पाहुणा आत आला की आधी फेटा. मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच एका गृहस्थांनी माझ्या डोक्याभोवती केशरी कापड असं आवळलं, की भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. मी नको म्हणत होतो, पण हसतही होतो, आणि हसणाऱ्याचं नको म्हणणं त्या गावात धरत नाहीत.

त्रिशला उभी राहिली. तिशीची, सडसडीत, हातात कागद नाही. तीस-चाळीस माणसं होती. मागच्या रांगेत पांढरी टोपी घातलेले तिचे वडीलही बसले होते. पाऊण तास तिनं असं सांगितलं, की मी परीक्षक आहे हे विसरलो. रेणू कसा बांधला, पेशीत गेल्यावर तो पेशीला इजा करत नाही हे कसं पडताळलं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ढीगभर असताना तो नेमका झिंकलाच कसा धरतो. मग एक चित्र आलं: पेशी उजळलेल्या. दुसरं चित्र: त्याच पेशी, झिंक काढून घेणारं द्रव्य घातल्यावर अंधारलेल्या.

"अंधार दाखवता आला नाही तर उजेडाला काही किंमत नाही, असं मला वाटतं," ती म्हणाली. ते वाक्य तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, आणि मला ते लागलं.

मग ती म्हणाली, "परीक्षकांनी चौथ्या प्रकरणातली चार पानं काढायला सुचवलं आहे. मी ती काढलेली नाहीत. का, ते सांगू का दाखवू?"

सरनोबत मॅडम टेबलावरच्या फुलांकडे बघत होत्या.

"दाखवा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिनं काचेचा पेला आणला. त्यात शुद्ध पाणी आणि तिचा रेणू. पडदे ओढले. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तसल्या दिव्याचा प्रकाश पेल्यावर टाकला. काळं पाणी. मग तिनं नव्या खोक्यातला एक रबरी हातमोजा काढून माझ्यापुढे धरला.

"सर, तुम्हीच घाला. म्हणजे माझ्या हाताचा दोष राहायला नको."

मी मोजा चढवला. तर्जनी पाण्यात बुडवली. सुरुवातीला काही नाही. मग बोटाभोवती एक निळसर धूर सुटल्यासारखा झाला, आणि बघता बघता सगळा पेला उजळला.

मागून कुणीतरी म्हणालं, "आयला, पेटलं की!"

लोक हसले. त्रिशलानं मग सांगितलं, हे तिला कसं सापडलं. तीन महिने तिचं कोरं पाणी उजळत होतं. काच बदलली, पाणी बदललं, रेणू पुन्हा बनवला. मग विभागातले हातमोजेच संपले आणि नवे यायला उशीर झाला. काम थांबू नये म्हणून तिनं जयसिंगपूरला भडंग पाकिटात भरणाऱ्या बायका वापरतात तसले पातळ प्लास्टिकचे मोजे आणले. त्या दिवशी कोरं पाणी काळं राहिलं. दुसरी कुणी असती तर सुटले म्हणून पुढे गेली असती. हिनं मागे जाऊन जुन्या मोज्याचा तुकडा पाण्यात टाकून बघितला.

आता बोलायची पाळी माझी होती. बोट अजून ओलं होतं, डोक्यावर फेटा होता.

"या पानांमध्ये जो जुना निबंध आहे," मी म्हणालो, "तो माझा आहे. त्यातला उजेड झिंकचा होता, पण तो माझ्या नमुन्यातला नव्हता, बुचांतला होता. मी ही पानं काढायला सांगितली, कारण ती मला टोचत होती. ती राहू द्या. आणि 'काही नोंदी' असं मोघम नको, निबंधाचं आणि माझं नाव घाला."

सरनोबत मॅडम घाईघाईनं म्हणाल्या, "सर, आपण आधी चहा घेऊ या का?"

"चहा नंतर. मी हिला पीएच.डी. द्यावी अशी शिफारस करतो. विनाअट."

टाळ्या वाजल्या. आणि मग जे झालं त्याची मला अजून लाज वाटते. माणसं येऊन माझा हात हातात घेऊ लागली. "सर, मोठं मन लागतं हो." "असे परीक्षक बघायला मिळत नाहीत." मी मान लववून ते सगळं घेत राहिलो. चूक अजाणता झाली असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि मी तसंच धरू दिलं.

शिरोळ

त्रिशलाच्या वडिलांनी, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, मला विचारलं नाही, सांगितलं. "सर, जेवाय घरी यायचं. दिवस मावळायच्या आत. आमी जैन, अंधार पडल्यावर चूल न्हाय."

कोल्हापूर सोडून पूर्वेला गेलं की डोंगर मागे राहतात आणि ऊस सुरू होतो. इतका ऊस, की रस्ता हा दोन भिंतींमधला बोळ वाटतो. आमच्याकडे कापसाच्या रानात माणूस लांबून दिसतो. इथे ट्रॅक्टर अंगावर येईस्तोवर दिसत नाही. कृष्णाकाठच्या घरांवर पुराच्या पाण्याची रेघ होती, आणि लोक ती 'हितवर आलतं' असं हातानं दाखवतात.

उन्हं तिरपी असतानाच पाटावर बसलो. ज्वारीची भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही, आणि मग खपली गव्हाची खीर, जिला त्या घरात हुग्गी म्हणतात. त्रिशलाची आई, जिला ती अव्वा म्हणते, वर तूप सोडत होती आणि मी पुरे म्हणण्याच्या आत वाटी पालथी करत होती. मी मुंबई-दिल्लीत मेजवान्या जेवलो आहे. खपलीच्या त्या दाण्याला दाताखाली जो कस लागतो, तो सांगून कळायचा नाही. तीन वाट्या खाल्ल्या. त्यातली अर्धी शर्टावर सांडली.

आण्णा समोर बसले होते. "आमची पोर ते झिंक बघत्या म्हनं. आवं, आमी बी बघतोय. उसाचं पान पिवळं पडाय लागलं, शिरा तेवढ्या हिरव्या ऱ्हायल्या, की वळकायचं झिंक कमी पडलंय. आमचं डोळंच मशीन."

"आण्णा, पान पिवळं पडेपर्यंत उशीर झालेला असतो," त्रिशला म्हणाली. "मी त्याच्या आधीचं बघते. आतलं."

"तू बघ की आतलं. पर आमच्या उसाच्या आत कवा बघनार? दुसऱ्याच्याच पेशी बघत बसलियास."

हसता हसता ते माझ्याकडे वळले. "पर सर, एक इचारू? हिचं पुस्तक लई दिस कुटं अडकलतं? ही म्हनायची पोस्टात हाय, हापिसात हाय."

त्रिशलानं पटकन भांडं उचललं. "आण्णा, असू दे की आता."

मी म्हणालो, "माझ्याकडे होतं. नऊ महिने."

"नऊ म्हैनं?" आण्णांचा आवाज गल्लीत गेला असेल. "आवं, नऊ म्हैन्यात बाई बाळंत हुत्या!"

अव्वा तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. आण्णा मात्र हसून झाल्यावर थांबले.

"तवा ही पाटं पाचला उठून गारगोटीच्या येस्टीला पळत व्हती. तितनं कोल्हापूर, त्या पेशींस्नी खायाला घालाय. मग घरी. आदीची ती जागा गेली तवा दोन दिस बोलली न्हाय. तुमास्नी ठाव नसंल म्हना."

"तेव्हा ठाऊक नव्हतं," मी म्हणालो. "पण मी विचारलंही नव्हतं."

मला वाटलं, आता उठावं. हात धुवायला म्हणून एक गुडघा टेकलासुद्धा.

"बसा," आण्णा म्हणाले. रागानं म्हणाले, यात शंका नाही. "ताटावरनं उठायचं न्हाय. अगं, पावण्यांस्नी दही वाड."

मी बसलो. दही खाल्लं. आमच्याकडे असा राग आला तर माणसं पाहुण्याशी गोड बोलतात आणि पुन्हा बोलावत नाहीत. इथे आण्णांनी तोंडावर ऐकवलं आणि वर निघताना गुळाची ढेप गाडीत ठेवली. "पुढच्या टायमाला लवकर तपासा," म्हणाले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही मागितलं नाही.

पुन्हा कोल्हापूर

माझी गाडी दुपारची होती. सकाळी मी त्रिशलाला म्हटलं, मला तुमच्या पेशी बघायच्या आहेत.

प्रयोगशाळा म्हणजे एक अरुंद खोली. एका बाजूला उबदार कपाट, त्यात सपाट बाटल्यांत पेशी. दारावर तिच्या अक्षरात एक चिठ्ठी: 'रबर बाहेर ठेवा.' खाली कुणीतरी चप्पल काढली होती, स्लीपरच्या रबरी पट्ट्याला घाबरून. तिनं मला भडंगवाल्यांचे ते पातळ मोजे दिले, आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

मी आयुष्यभर चाचणीनळ्या बघितल्या. जिवंत पेशी अशा बघितल्या नव्हत्या. आधी काळं. मग तिनं कडेनं रेणूचा एक थेंब सोडला, आणि हळूहळू एकेक पेशी आतून उजळू लागली. सगळ्या सारख्या नाहीत. कुठे ठिपके, कुठे नुसतं धुकं. एक पेशी दोन होण्याच्या बेतात होती, मधोमध आवळलेली, आणि दोन्ही बाजूंना तो निळा-हिरवा उजेड वाटून घेतलेला. तिनं दुसरा थेंब सोडला, झिंक काढून घेणाऱ्या द्रव्याचा. दिवे मालवावेत तसं सगळं शांत काळं झालं.

हे शुद्ध होतं. यात कुणाच्या बुचाचा, मोज्याचा, घाईचा एक कण नव्हता. गारगोटीहून एसटीनं येऊन, मोजे भडंगाच्या दुकानातून आणून, या मुलीनं जे केलं ते मला सगळी साधनं हाताशी असताना जमलं नव्हतं. ऊर भरून येणं म्हणतात ते काय, ते मला त्या खुर्चीत कळलं. आपल्या क्षेत्राचा इतका अभिमान मला स्वतःच्या कामातून कधी वाटला नव्हता.

तिथेच, डोळा सूक्ष्मदर्शकाला लावलेला असताना, मी बोललो. समोर बघून बोलता आलं नसतं.

"काल मी सगळं सांगितलं नाही. त्या वेळी मी कोऱ्या पाण्याच्या सात बाटल्या ठेवल्या होत्या. सहा उजळल्या. एकच काळी राहिली. मी फक्त तिची नोंद छापली, कोरं पाणी काळंच राहतं म्हणून."

तिनं हातातली थेंबाची नळी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"तुमची चार पानं वाचली तेव्हा आठवलं. रबरी बुचं सहाच होती. सातवीला काचेचं लावलं होतं."

"म्हणजे उत्तर तुमच्या टेबलावरच होतं," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरोखरच हळहळ वाटली होती, त्या बाटलीबद्दल. "सर, एकदा विचारायचं तरी होतं की, ही का काळी राहिली."

"विचारलं असतं तर निबंध गेला असता."

"आणि हे सोळा वर्षं आधी कळलं असतं."

मी खुर्ची मागे घेतली. "तुमच्या संगणकावरून एक पत्र लिहू का? निबंध मागे घेतो म्हणून."

तिनं जागा करून दिली. मी नियतकालिकाच्या संपादकांना लिहायला घेतलं. इंग्रजीत लिहिलं, अर्थ असा होता: रबरी बुचांतून नकळत मिसळलेल्या झिंकमुळे आमचे निष्कर्ष विश्वसनीय राहिलेले नाहीत, सबब हा निबंध मागे घ्यावा. चार ओळी. व्यवस्थित. अशी पत्रं याच भाषेत लिहितात.

ती मागे उभी राहून वाचत होती.

"सर, यातला 'नकळत' काढा."

माझी बोटं थांबली. मघाशी सात बाटल्यांचं सांगून पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि तो शब्द आपोआप येऊन बसला होता. इतक्या वर्षांची सवय.

"मिसळलं ते नकळतच होतं," मी म्हणालो.

"मिसळलं ते नकळत. छापलं ते नव्हे. कुणीतरी आपलं कोरं पाणी उजळलं म्हणून आत्ता कुठंतरी डोकं धरून बसलं असेल, तीन महिने मी बसले होते तशी. त्याला तुमच्या सहा बाटल्या हव्यात."

मी तो शब्द काढला. सगळ्या चारही ओळी काढल्या आणि पुन्हा लिहिल्या. तिनं खुर्ची ओढली आणि शेजारी बसून वाचलं, परीक्षक वाचतो तसं, ओळीवर बोट ठेवून: सात बाटल्या होत्या. सहांना रबरी बूच होतं, त्या उजळल्या. एकीला काचेचं होतं. ती उजळली नाही. मी सहाही पाहिल्या होत्या, आणि सातवी छापली.

"आता पाठवा," ती म्हणाली.